जाहिरातीत रोम, जहाज मात्र चिवितावेक्कियात
समुद्रपर्यटनाच्या कार्यक्रमपत्रिकेत रोमचे नाव असले, तरी जहाज सुमारे ७० किलोमीटरवरील चिवितावेक्किया बंदरात थांबते. पॅरिससाठी सुमारे २०० किलोमीटरवरील ल हाव्र, तर बर्लिनसाठी बाल्टिक किनाऱ्यावरील वार्नेम्युंडे बंदर वापरले जाते. ही शहरे समुद्रापासून दूर असून, तिथल्या नद्यांमधून महाकाय जहाजे जाऊ शकत नाहीत. व्हेनिसचे कारण वेगळे आहे. तेथील ज्युदेक्का कालव्यात १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना बंदी घालण्यात आली. त्यानंतर काही फेऱ्या रावेन्ना बंदराकडे वळवण्यात आल्या.

वार्नेम्युंडेहून बर्लिनला पोहोचण्यासच सुमारे तीन तास लागतात. स्वतंत्रपणे शहर पाहण्यास गेलेल्या प्रवाशाला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबत नाही. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी बंदराचे नाव आणि अंतर पाहणे आवश्यक आहे.