व्हिएन्ना की बुडापेस्ट?

९० युरोंच्या एकाच शेंगेन व्हिसावर ही दोन्ही शहरं होतात, म्हणून फरक बघू या रोजच्या खर्चातला. हॉस्टेलमधला बेड आणि जेवण बुडापेस्टला स्वस्त. पण तिथल्या सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं तर १० हजार फोरिंटहून जास्त मोजावे लागतात; दिवसाची बचत तिथेच संपते! व्हिएन्नात बेड महाग, मात्र आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाला फुकट आणि स्टेट ऑपेरात उभ्याने बघण्याची तिकिटं स्वस्त. मध्ये रेल्वेचे जेमतेम पावणेतीन तास. म्हणून मी सांगेन, व्हिएन्नात दोन रात्री, बुडापेस्टला चार. आणि कार्ड मशीनने ‘रुपये की फोरिंट?’ विचारलं, तर फोरिंटच निवडा. रुपयांच्या दरात त्यांचा नफा आधीच धरलेला असतो.