काठीचा मान कुणाचा?

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. हातात काठी आहे म्हणून माणसाला मान मिळतो, की मान आहे म्हणून त्याच्या हाती काठी येते?

काँगो देशाच्या आग्नेय भागात लुबा लोक राहतात. त्यांचे राजे आणि मानकरी कोरीव लाकडी दंड बाळगत. त्यावर बहुधा स्त्रीची आकृती असते. आता तुम्ही म्हणाल, राजा पुरुष, मग आकृती बाईची कशाला? तर लुबांच्या समजुतीप्रमाणे राजसत्तेचं गूढ स्त्रीच सांभाळू शकते. राजा वारला की त्याचा आत्मा एका स्त्रीच्या ठायी राहतो असं ते मानत.

दंडाच्या रुंद भागावर नक्षी असते, पण ती नुसती शोभेची नव्हे. घराणं कुठून आलं, अधिकार कसा मिळाला, हे जाणकार त्यावरून सांगत. म्हणजे ही लाकडात कोरलेली बखरच म्हणा ना! असा इतिहास जपणारं 'म्बुद्ये' नावाचं मंडळ होतं, आणि ते राजाच्या सत्तेला आळाही घालत असे. राजाच्या हातातल्या दंडाचा अर्थ सांगणारे असे दुसरेच होते. हे फार महत्त्वाचं आहे.

आता आपल्याकडे या. नामदेवांची नर्सी आपल्या हिंगोली जिल्ह्यातली, तेव्हा वारी काय ते इथे सांगायला नको. माउलींच्या पालखीसोबत चोपदार असतात, त्यांच्या हाती चांदीचा दंड. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळमृदंग थांबतात. एवढा मोठा समुदाय, क्षणात शांत!

पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. हा दंडाचा अपमान कुणी मानत नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मगच टाळ थांबतो.

चांदी आणि नक्षी नजर वेधून घेतात, यात शंका नाही. पण दंड उचलल्यावर लोक गप्प होतात ते आपलं ऐकलं जाईल या खात्रीने. ती खात्री गेली तर धाक तेवढा उरतो. लुबांचे कितीतरी दंड आज युरोपातल्या संग्रहालयांत काचेआड आहेत. नक्षी शाबूत आहे, पण समोर ना मानकरी, ना बखर सांगणारा, ना ऐकणारा समाज.

म्हणून गावात मानाची काठी दिसली, मानाची खुर्ची दिसली, की कारागिरीला जरूर दाद द्या. आणि एक विचारा: हिच्यापुढे टाळ वाजवत राहायची कुणाला मुभा आहे का?