गटारातला वायू आणि केसपेपर
मी वर्ध्यात रसायनशास्त्र शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास, एवढे पुस्तकात असते. पुढचे आपल्या वस्तीत ठाऊक हवे: हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 100 ते 150 भाग झाला की नाकच बधिर होते, 1000 च्या आसपास माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. वास थांबला म्हणजे वायू गेला नव्हे.

टाकीतून काढलेला माणूस बोलू लागला की त्याला घरी नेतात. नेऊ नये. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या की तालुक्याला, बाधा किती हे ठरवताना डॉक्टरांना हकिकत लागते: आत किती वेळ होता, शुद्ध हरपली का, झटके आले का, आणखी कोण पडले. बेशुद्धी क्षणभराची असली तरी प्रकरण गंभीरच धरावे.

ही हकिकत ठाऊक असलेला सोबती ठेकेदाराच्या धाकाने गप्प असतो. त्याला बोलते करा. केसपेपरवर नुसती ‘चक्कर’ नको. टाकीत उतरल्याची नोंद हवी. संरक्षक साधनांशिवाय असे उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मृत्यूला 30 लाख आणि अपंगत्वाला किमान 10 लाख रुपये भरपाई, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवले. ‘चक्कर’ लिहिलेल्या कागदावर तो दावा उभा कसा राहणार?