पैनगंगेपल्याड (भाग 6) : बापूजी अणे, पुसद ते कोलंबो

मागच्या भागात आपण 30 जानेवारी 1948 ची उमरी बँकेची लूट पाहिली. ती करणारे निजामाविरुद्ध लढणारे सैनिक उमरखेडच्या कॅम्पातून आले होते. उमरखेड पैनगंगेपल्याड, यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. आज त्याच जिल्ह्यातल्या लोकनायक माधव श्रीहरी अण्यांकडे, बापूजींकडे, जाऊ. आपल्या पोरांना ते जंगल सत्याग्रहाच्या एका ओळीपुरते ठाऊक असतात. याची मला खंत वाटते.

जन्म वणीचा, 1880 चा. यवतमाळला वकिली, निष्ठा टिळकांवर. 1918 साली त्यांनी तिथूनच 'लोकमत' साप्ताहिक सुरू केलं.

आता ती एक ओळ. मिठाच्या सत्याग्रहाचे ते दिवस; वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ कुठून उचलणार? पण राखीव जंगलाचा जाच कुणब्याच्या दावणीपर्यंत पोचलेला. जनावराला वैरण हवी, चुलीला सरपण हवं, आणि दोन्हींच्या आड सरकारी परवाना. 10 जुलै 1930 ला पुसदजवळ पन्नाशीला टेकलेला हा वकील विळा घेऊन राखीव रानात वाकला आणि त्यानं परवान्याशिवाय गवत कापलं. एवढ्यासाठी अटक झाली. मुठीत मावेल एवढ्या गवताला सरकार भ्यालं, हे बांधावर गवत कापणाऱ्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, परदेशस्थ भारतीयांचं खातं त्यांच्याकडे आलं. अनेकांना हे रुचलं नाही. पण फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास सुरू झाला, सरकार त्यांना सोडेना, तेव्हा मंडळातल्या होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते श्रीलंकेत गेले आणि 1947 पर्यंत तिथं राहिले.

मला त्यांच्या आयुष्यातली हीच चार वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. तिथल्या चहाच्या मळ्यांत तमिळ मजूर पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. पान खुडायला ते हवे होते, मताचा हक्क मागायला नको होते. 1939 मध्येच भारतानं तिकडं मजूर पाठवणं बंद केलं होतं. परवान्याशिवाय गवत कापणाऱ्या माणसाच्या टेबलावर आता माणसांच्याच परवान्याचा प्रश्न आला होता: या बेटावर राहायचं कुणी आणि कोणत्या हक्कानं?

तो प्रश्न त्यांच्या काळात सुटला नाही. उमरीची बँक लुटली गेली तेव्हा ते पाटण्यात होते, बिहारचे नवे राज्यपाल. त्याच 1948 मध्ये श्रीलंकेच्या नागरिकत्व कायद्यानं मळ्यांतल्या लाखो मजुरांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. पुढं 1964 मध्ये या मजुरांबाबत आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाख लंकेनं ठेवायची, दीड लाखांचं नंतर बघायचं. चौऱ्याऐंशी वर्षांचे बापूजी तेव्हा नागपूरचे खासदार म्हणून लोकसभेत बसत होते.