शुभ्रतेची पारख

दीपोत्सवात नाशिक रोडच्या मुक्तिधामाचे छायाचित्र घेणाऱ्या भाविकांस एक कोडे पडते. मकराण्याचा तोच शुभ्र संगमरवर दुपारी पांढरा, सावलीत निळसर, तर दिव्यांच्या उजेडात पिवळा उमटतो. कारण प्रत्येक प्रकाशाचे रंगतापमान निराळे: तेलदिव्याचे सुमारे २००० केल्विन, मध्यान्हीच्या उन्हाचे ५५००, सावलीचे ७००० च्या आसपास. आपली दृष्टी हा भेद आपोआप सावरते. कॅमेऱ्यास तो ‘व्हाइट बॅलन्स’ने सांगावा लागतो. गीतेच्या अध्यायांनी अंकित भिंती टिपावयाच्या, तर आधी त्याच उजेडात पांढरा कागद टिपून शुभ्रता ठरवून घ्यावी. निरांजनाच्या वेळी मात्र हा आग्रह सोडावा आणि कॅमेरा सूर्यचिन्हावरच ठेवावा. एरवी संगमरवर शुभ्र होईल, पण ज्योतीचे सोने पुसले जाईल.