बैठकांनंतरचे दुखणे आणि पोटरीतला गोळा

अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर करणाऱ्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे वऱ्हाडाला व्यायामाची मोठी परंपरा लाभली आहे. तरीही खंडानंतर एकदम जोमाने बैठका मारणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भरून येतात. हे दुखणे लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे होते, असा समज रूढ असला, तरी ते आम्ल साधारण तासाभरात स्नायूंतून निघून जाते, तर दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो. अशा कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी होणाऱ्या दाहामुळे वेदना जाणवतात. स्नायूंतील अशा इजेची कल्पना अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडली होती.

पायात गोळा येणे, म्हणजे स्नायू आपोआप आखडून तसाच राहणे, ही मात्र निराळी घटना आहे. थकलेल्या स्नायूला आकुंचनाचे संदेश देणारे चेतातंतू अतिउत्तेजित होणे हे तिचे प्रमुख कारण मानले जाते, आणि अकोल्याच्या कडक उन्हाळ्यात घामावाटे पाणी व मीठ कमी होणे हेही त्यात भर घालू शकते. गोळा आल्यास पाऊल हळूहळू नडगीकडे ओढून पोटरी ताणावी. दुखण्यावर मात्र हलकी हालचाल आणि बैठकांची संख्या क्रमाने वाढवणे हाच उपाय होय; तथापि असह्य वेदनांसोबत लघवी गडद तपकिरी झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.