दुःख दाखवताना नावाचे काय करायचे?

दुष्काळ, युद्ध, विस्थापन किंवा अत्याचार सोसणाऱ्या माणसांची हकिगत दूरच्या वाचकांपर्यंत पोचवणारे लेखन आणि छायाचित्रण एका जुन्या गृहीतकावर उभे आहे. दुःख डोळ्यांना दिसले की लोक अस्वस्थ होतात, मदत धाडतात आणि सत्तेला जाब विचारतात, असे ते गृहीतक आहे. ते खोटे नाही, पण त्यात विचार होतो तो दाखवणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा. ज्याला दाखवले गेले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न बाजूलाच राहतो. मानवी हक्कांच्या पत्रकारितेतील नीतिविचार बहुतांशी या सुटलेल्या प्रश्नाचा आहे आणि त्याची मुळे शोधायला भारताबाहेर जावे लागत नाही.

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर आणि दख्खनचा मोठा भाग दुष्काळात होरपळत असताना विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट कॅमेऱ्यापुढे बसवून त्यांची छायाचित्रे काढली. भारतातील उपासमारीचा हा अगदी सुरुवातीचा छायाचित्र-पुरावा आहे, हे मान्य करावे लागते. पण कौटुंबिक छायाचित्रासाठी मांडावीत तशी ती माणसे मांडलेली आहेत, त्यांची नावे कोठे नाहीत आणि त्या अवस्थेला ती कशी आली याचा मागमूस चौकटीत नाही. याच हूपरवर १८८६ मध्ये मंडाले येथे बर्मी कैद्यांना गोळ्या घालताना छायाचित्राची काच तयार होईपर्यंत हुकूम लांबवल्याचा आरोप झाला आणि त्याची चौकशीही झाली. सरकारी अधिकारीच छायाचित्रकार असला की पुरावा आणि तमाशा यांतील रेघ किती सहज पुसली जाते, हे त्या प्रकरणावरून कळते.

१९४३ च्या बंगालमध्ये परिस्थिती उलट होती, कारण तेथे सरकारला काहीच दाखवायचे नव्हते. दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच न झाल्याने, दुष्काळ संहिता, म्हणजे अशा वेळी कामे काढण्याची आणि अन्न पुरवण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकणारी नियमावली, लागू झाली नाही आणि युद्धकाळातील सेन्सॉरशिपमुळे वृत्तपत्रांचे हातही बांधलेले होते. अशा वेळी कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या ब्रिटिश मालकीच्या दैनिकाचे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी शहराच्या रस्त्यांवर उपासमारीने मरणाऱ्या स्त्रियांची आणि मुलांची छायाचित्रे छापली, आणि त्या आठवड्यांतील अग्रलेखांतून या मरणांची जबाबदारी सरळ सरकारवर टाकली. त्या चित्रांतील कोणाचीही संमती घेतलेली नव्हती आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडे संमती मागण्याला फारसा अर्थही उरत नाही. तरीही स्टीफन्स यांचा निर्णय योग्य ठरतो, कारण चित्रांचा रोख वाचकाच्या दयेपेक्षा लपवणाऱ्या सत्तेवर अधिक होता. पुढे १९४५ मध्ये दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास मानली आहे.

त्याच दुष्काळातील दुसरे काम याहून बारकाईने पाहण्याजोगे आहे. कम्युनिस्ट पक्षाचे ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिक मुंबईहून निघत असे. त्यासाठी पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्यासोबत छायाचित्रकार सुनील जाना बंगालमध्ये फिरले, तर चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यातील गावे तुडवत राहिला. त्याच्या ‘हंग्री बेंगॉल’ या सचित्र वृत्तांताच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. त्याच्या चित्रांतील कितीतरी माणसे बिननावाची नाहीत: समोरचा माणूस कोण, कोणत्या गावचा, त्याचे पोट कशावर चालत होते, हे चित्रकाराने विचारून टिपले आहे. यामुळे उपाशी शरीर हा एक प्रकार न राहता जमीन गमावलेला अमुक शेतकरी किंवा जाळे विकावे लागलेला अमुक कोळी असा तो उभा राहतो आणि कोणाच्या धोरणाने त्याचे हे झाले, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही. पुढे बराच काळ मुंबईत अंधेरीला राहिलेल्या या चित्रकाराला त्या कामाबद्दल जेवढे श्रेय मिळायला हवे होते, तेवढे त्याच्या हयातीत मिळाले असे म्हणवत नाही.

कारण गाळून केवळ करुणा दाखवली तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे १९८४ चा इथिओपिया. कोरेम येथील छावणीतून मायकेल बर्क यांचे निवेदन आणि मोहम्मद अमीन यांचे चित्रण बीबीसीने २३ ऑक्टोबर १९८४ रोजी प्रसारित केले. त्यातून ‘बँड एड’ या गायकांच्या गटाचे मदतनिधीसाठीचे गाणे आणि १३ जुलै १९८५ चा ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि प्रचंड निधी जमला. जगाच्या मनावर ठसले ते मात्र पावसाने दगा दिलेल्या भूमीचे जणू पुराणकालीन संकट. तिग्रे आणि एरिट्रियात चाललेले यादवी युद्ध व हुकूमशहा मेंगिस्टूच्या राजवटीची युद्धनीती या गोष्टी मागे पडल्या. उत्तरेतील सुमारे ६ लाख लोकांना नैर्ऋत्येकडे हलवण्याची मोहीम सरकारने राबवली, तिच्यात बळजबरी झाली, आणि ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संघटनेच्या फ्रेंच शाखेने तिच्याविरुद्ध उघड बोलताच १९८५ च्या अखेरीस तिला देशाबाहेर काढण्यात आले. भुकेल्या मुलाचे चित्र दाखवण्याला हुकूमशहाची अनेकदा हरकत नसते; त्या भुकेचा हिशेब मागितला की हरकत सुरू होते. या अनुभवानंतर १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे आणि संदेश यांबाबत आचारसंहिता केली, आणि १९९४ मध्ये रेड क्रॉस चळवळ व अन्य संस्थांच्या संहितेने आपद्ग्रस्तांना असहाय वस्तू न मानता सन्मान असलेली माणसे मानावे, असे कलम घातले. निधी गोळा करणाऱ्या जाहिरातींनी ते नेहमी पाळले असे मात्र नाही.

नाव नोंदवणे हा सन्मान आहे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण काही वेळा नावच घात करते. यासाठी ‘माहितीपूर्ण संमती’ ही कल्पना पुढे आली: छायाचित्र किंवा मुलाखत कोठे छापली जाईल, कोण पाहील आणि त्याचे परिणाम काय होऊ शकतात हे समजल्यावर, नकार देण्याची मोकळीक असताना दिलेला होकार म्हणजे ही संमती. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मकरी यांनी टिपलेली आणि १९८५ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली अफगाण मुलगी, शरबत गुला, हिला आपला चेहरा जगप्रसिद्ध आहे हे २००२ पर्यंत ठाऊकही नव्हते. २०१६ मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या आरोपाखाली तिला अटक झाली. त्या चित्राने आपल्याला लाभापेक्षा त्रासच जास्त दिला, असे तिने नंतर सांगितले.

या बाबतीत महाराष्ट्राचे एक उदाहरण अधिक बोचरे आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले, त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे गुन्हा झाला. हीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. तो खटला मात्र पुस्तकांतून आणि वर्गांतून आजही त्या मुलीच्या नावानेच शिकवला जातो.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या वार्तांकनात नाव देणे आणि नाव झाकणे या दोन्ही बाजू एकदम समोर येतात. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते, आणि त्यासाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज व परतफेडीचा तगादा असे निकष पाहिले जातात. म्हणजे बिनपरवाना सावकाराचे देणे प्रत्यक्षात कितीही जीवघेणे असले तरी त्या चौकटीत बसत नाही. अशा घरी गेलेल्या वार्ताहराने दारू, आजारपण किंवा घरातील भांडण रंगवून छापले, तर ते कात्रण विधवेच्या विरोधात वापरले जाऊ शकते. हेच तपशील मृताचे नाव व गाव गाळून दिले, तर शेतीच्या अरिष्टात घर कसे पोखरले जाते हे कळते आणि कोणाची फाइल बिघडत नाही. मात्र हा निर्णय त्या बाईशी बोलून व्हायला हवा. वार्ताहराने तालुक्याच्या कार्यालयातून मिळालेल्या यादीवरच विसंबून राहणेही पुरेसे नाही, कारण शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसले की तिची आत्महत्या अनेकदा शेतकऱ्याची म्हणून मोजलीच जात नाही, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे, आणि यादी हातात घेऊन निघालेला वार्ताहर तिच्या घरी पोचत नाही.